ओतिलियाने वाटलेला पोमाना

आमच्या गावात चर्चचा पाव विधवेनंच भाजायचा असतो. नवरा नाही म्हणजे हात स्वच्छ, असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलं. ज्यानं ठरवलं त्यानं माझे हात पाहिले नव्हते. एकवीस वर्षं मी तो पाव भाजते आहे, गावात कुणी बाई गेली की तिला आंघोळही मीच घालते, आणि रस्त्यात भेटलेला प्रत्येक जण मला "पारास्किवा मावशी, आमच्यासाठी प्रार्थना करा हं" म्हणतो. करते. पण आज सांगायचं आहे ते ओतिलियाबद्दल, आणि ते सांगताना माझं काय दिसायचं ते दिसेलच.

ती माझ्या शेजारची. मध्ये फक्त फळ्यांचं कुंपण. सोळाव्या वर्षीच इतकी उंच झाली होती की कुंपणाच्या वरून तिचा रुमाल बांधलेला माथा इकडून तिकडे जाताना दिसायचा. बोलताना नेहमी मान वळवून उजवी बाजू पुढे करायची. नवख्या माणसाला वाटायचं, काय मिजास आहे पोरीची! मिजास कसली? डाव्या कानानं तिला ऐकूच यायचं नाही. ती अकरा वर्षांची असताना बापानं कानाखाली मारली होती, तेव्हापासून. जीभ मात्र तिखट. एकदा समोरच्या घरातली ज्योर्जेता तिला म्हणाली, "अगं, मुलीच्या जातीनं जरा हसून बोलावं." तर ही म्हणाली, "दात शिल्लक आहेत तोवर हसून घेईन, काकू."

बाप निकोदिम. लाकडी पिंपं बनवायचा, आणि पाच गावांत त्याच्या हातची सर दुसऱ्या कुणाला नव्हती. ओकच्या फळ्या अशा बसवायचा की थेंब गळेल तर शपथ. आलुबुखाराची दारू, आमची त्सुइका, ठेवावी तर त्याच्याच पिंपात. आणि त्याची मजुरी लोक द्यायचे तीही त्सुइकाच. कुणी दोन बाटल्या, कुणी घागरभर. मीही दिली आहे. मग तो पिऊन घरात काय करतो म्हणून सगळे हळहळायला मोकळे. त्याच्या पोटात दारू आम्हीच ओतली आणि वर नाकंही आम्हीच मुरडली.

पिंपाला बाहेरून लोखंडी पट्ट्यांची कडी चढवतात. तशी कडी त्याच्या भिंतीवर ओळीनं टांगलेली असायची. त्यातलं कुठलं हातात येईल ते घेऊन तो मारायचा. कारण लागायचं नाही. "सूप गार का?" असं विचारायचा. गरम आहे म्हटलं तरी मार, गार आहे म्हटलं तरी मार, गप्प राहिलं तर उद्धटपणाबद्दल मार. एकदा बाटली सापडेना म्हणून त्यानं ओतिलियाचा हात फळ्या आवळायच्या स्क्रूच्या शेगड्यात घातला आणि एकेक आटा फिरवत विचारत राहिला. ती बोलली नाही, कारण बाटली कुठे आहे हे तिला माहीतच नव्हतं. दोन नखं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला फडकं गुंडाळून ती माझ्याकडे मीठ मागायला आली.

"काय झालं गं हाताला?"

"दारात सापडला."

"सांभाळून गं बाई," मी म्हटलं, आणि मीठ दिलं.

तिची आई औरिका ती तेरा वर्षांची असतानाच गेली. माळ्याच्या शिडीवरून पडली, असं निकोदिमनं सांगितलं. आंघोळ घालायला मी आणि ज्योर्जेता गेलो. पालथी केली तर खांद्यापासून कमरेपर्यंत निळे पट्टे. दोन बोटं रुंद, कडा सरळ, एकाखाली एक. शिडीवरून पडून असे पट्टे उठत नाहीत, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? ज्योर्जेतानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग आम्ही औरिकाला लांब बाह्यांचा, गळाबंद झगा घातला. दारात ओतिलिया हातात टॉवेल घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. काय पाहिलंस हे मी तिला विचारलं नाही, कारण तिनं मला काही विचारावं असं मला वाटत नव्हतं. भित्री होते मी. दुसरा शब्द नाही.

पंधराव्या वर्षी ती आपल्या पायानं पोलीस चौकीत गेली. आमचा हवालदार स्पिरिदोन तसा वाईट माणूस नाही, आळशी आहे. त्यानं विचारलं, "साक्षीदार कोण?"

"मी."

"तू लेक. आणखी?"

"माझा भाऊ, कोस्तिनेल."

"आठ वर्षांचं पोर ते! मोठं माणूस आण कुणीतरी. पाहिलेलं. मग लिहितो."

आणि त्याच दिवशी त्यानं एका पेल्यावर निकोदिमला हसत हसत सांगितलं, "लेकीला आवर रे बाबा, चौकीत येऊन बसते." त्यानं आवरलं. तिच्या तीन बरगड्या मोडल्या. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मी रेडिओ मोठा केला.

पंधरा दिवसांनी, नीट श्वास घेता यायला लागल्यावर, ती कुंपणापाशी आली. "मावशी, याल माझ्याबरोबर? नुसतं आईचं सांगा. मी दारात होते."

मी काय म्हटलं ते अजून शब्दन् शब्द आठवतं. "बाळा, मी म्हातारी बाई, कुंपणाला कुंपण लागून राहते. आणि मेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं?"

"बरं," ती म्हणाली. तेवढंच.

मग जानेवारी आला. तोवर निकोदिम धाकट्या कोस्तिनेलला फारसा हात लावत नसे. सगळा मार ओतिलिया अंगावर घ्यायची, मुद्दाम उलट बोलून आपल्याकडे ओढून घ्यायची. पण त्या महिन्यात एका दुपारी ती विहिरीवर गेली असताना त्यानं पोराला नव्या पिंपात उतरवलं, वर झाकण ठोकलं, कडं चढवलं आणि त्यावर बसून पीत राहिला. ती आली तेव्हा आतून खरवडल्याचा आवाज येत होता. ओरडण्याचा नाही, नुसता खरवडल्याचा. तिनं कुऱ्हाड घेतली. बाप बाजूला होईना, तर त्याच्या पायाजवळच्या फळीवर घाव घातला. पिंप फुटलं. पोरगं बाहेर पडलं ते निळं. बापानं कुऱ्हाड हिसकावून तिच्या दांड्यानं तिला कुटलं आणि म्हणाला, "नवं पिंप फोडलंस! पुढच्या वेळी फटीत मेण भरीन."

हे तिनं स्वतः मला सांगितलं. ओठ फाटलेला होता, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. "मावशी, पुढच्या वेळी तो मरेल. तो म्हणजे कोस्तिनेल. मी रोज सकाळी शाळेत जाते, विहिरीवर जाते, कधीतरी पाठ फिरणारच ना माझी?" मी तिला चहा दिला. काय करणार, म्हटलं. आणखी एकदा म्हटलं.

फेब्रुवारीत मृतांचा शनिवार असतो. त्या सकाळी वर्षभरात कधी चर्चला न येणारेही येतात. पाद्रीबाबा मृतांची नावं वाचतात, आणि मग अंगणात प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांच्या नावानं पोमाना वाटतं. वाडग्यात शिजवलेले गोड गहू, वर अक्रोड, शेजारी पाव आणि पेटलेली मेणबत्ती. माणूस नुकताच गेला असेल तर त्याचे कपडेही वाटतात, त्याच्याच अंगकाठीच्या माणसांना. घेणाऱ्यानं म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." घेतलेला पोमाना परत करायचा नाही आणि जमिनीवर ठेवायचा नाही. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

त्या सकाळी ओतिलिया ढकलगाडी घेऊन आली. गाडीत गव्हाचा हंडा, वाडगे, आणि कपड्यांचा ढीग. मी पायरीवर पाव कापत होते. ती सगळ्यांना सोडून सरळ माझ्याकडे आली आणि वाडगा पुढे केला.

"घ्या मावशी. निकोदिमसाठी."

माझ्या हातातली सुरी थांबली. "अगं बाई! कधी?"

"घ्या ना, मेणबत्ती विझेल."

मी घेतला. "देव त्याला क्षमा करो," म्हटलं, आणि खरं सांगते, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मेला एकदाचा! थंडीत पिऊन कुठंतरी पडला असणार, किती जण असे जातात. मागून ज्योर्जेतानं वाडगा घेतला. मग पाद्रीबाबांच्या बायकोनं. मग उंचापुरा इलिये आला. तो निकोदिमच्याच बांध्याचा, म्हणून त्याला मेंढीच्या कातड्याचा कोट मिळाला. एका सुताराच्या पोराला बूट, लाकडी हातोडा आणि रंधा. हवालदार स्पिरिदोनला टोपी. पाहता पाहता अख्ख्या अंगणात निकोदिमच्या नावानं मेणबत्त्या पेटल्या.

आणि मग तोंडं उघडली.

"सुटली गं पोरगी!" ज्योर्जेता म्हणाली.

इलियेनं कोट अंगावर चढवून पाहिला. "कोट झकास आहे. माणूस मात्र कुत्रा होता."

"अहो, आजच्या दिवशी तरी..." पाद्रीबाबा म्हणाले.

"खरं ते खरं!" इलिये म्हणाला. "पोराला पिंपात घातलंन मागच्या महिन्यात. मी ऐकलं ना ठोकताना. म्हटलं, कामच चाललंय."

"आणि औरिका?" ज्योर्जेताचा आवाज चढला. "शिडी म्हणे! मारलंन तिला, मारलंन. आम्ही आंघोळ घातली. विचारा हिला!"

सगळे माझ्याकडे वळले. तीन वर्षं जे घशात अडकलं होतं ते आता फुकटात बाहेर काढता येत होतं, आणि मी काढलं. पट्टे कुठून कुठवर होते, किती होते, किती रुंद होते, झगा कुठला घातला. माझा आवाज चांगला खणखणीत लागला त्या दिवशी. इलियेला वाटलं असावं आपण मागे पडतोय. तो म्हणाला, "मी तर होतोच तिथं. पिंप न्यायला गेलो होतो. आत ती ओरडत होती, 'पाठीवर नको, पाठीवर नको.' मी हाक मारली. तो घामाघूम बाहेर आला, हातात कडं. मी पिंप घेतलं न् आलो."

"बिचारी," कुणीतरी म्हणालं, आणि गहू खाल्ले.

ओतिलिया हंड्यापाशी उभी होती, ऐकू येणारा कान आमच्याकडे करून. ती एकदाही रडली नाही, मध्ये बोललीही नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिनं स्पिरिदोनकडे पाहिलं. "लिहून घेताय ना, काका?"

त्याच्या तोंडात घास होता. "मेल्यावर काय लिहायचं, पोरी?"

"तो मेलाय असं मी कधी म्हणाले? पोमाना जिवंतपणीही देतात. तुमच्या आजीनं नव्हता का स्वतःचा दिला?"

एवढा मोठा जमाव एकदम गप्प होतो तेव्हा मेणबत्त्यांची वात तडतडलेली ऐकू येते. दिला होता, आजीनं दिला होता. कितीतरी म्हातारे देतात. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही, कारण तो मेलेला आम्हाला हवा होता.

फाटकातून निकोदिम आला. अंगात सदरा, एका पायात रबरी बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. झोपेतून उठून कोट शोधत निघाला असणार. त्यानं इलियेच्या अंगावरचा कोट पाहिला, मग सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या. आमच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर तो इतका घाबरला की मला त्याची कीव आली. हो, कीव. मग त्याला ओतिलिया दिसली.

सुताराच्या पोराच्या हातातून त्यानं हातोडा ओढून घेतला. पिंपाची कडी ठोकायचा तो हातोडा, मेपलच्या लाकडाचा, चांगला वजनदार. ती पळाली नाही. पळायला जागा होती, तरी पळाली नाही. दोन्ही हात डोक्यावर धरून उभी राहिली. पहिला घाव डाव्या हातावर बसला. मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा उजव्या हातावर. हाड बाही फाडून बाहेर आलं. ती गुडघ्यावर बसली. बर्फावर रक्त पडलं आणि त्यातून वाफ निघाली. तो ओरडत होता, "मला मारतेस? मला? जिवंतपणी पुरतेस?" आणि तिसरा घाव खांद्यावर.

आणि आम्ही? दोनशे माणसं उभी होती, एका हातात वाडगा, एका हातात मेणबत्ती. वाडगा जमिनीवर ठेवायचा नाही ना! एकानं ठेवला नाही. स्पिरिदोनसुद्धा वाडगा सावरत "ए, ए, निकोदिम, पुरे" म्हणत होता, कोंबडीला हाकलावं तसं. चौथा घाव डोक्यावर बसणार होता. तिचे हात आता वर उठतच नव्हते.

मी वाडगा त्याच्या तोंडावर फेकला. पाप तर पाप. गहू त्याच्या डोळ्यांत गेले, मातीचा वाडगा नाकावर फुटला, आणि मी त्याच्या दंडाला लोंबकळले. त्यानं कोपरानं माझे समोरचे तीन दात पाडले. मी उरलेल्या दातांनी त्याच्या मनगटाला चावले आणि सोडलं नाही. तेव्हा कुठं इलिये धावला, मग स्पिरिदोन, मग जो तो. माणसं एकदा धावली की कशी धावतात! त्याला पालथा पाडून इतकं तुडवलं की पाद्रीबाबांना मध्ये आडवं पडावं लागलं. ज्योर्जेता लाथ मारायला दोनदा आली. तीन वर्षांचा भित्रेपणा लोक त्याच्या बरगड्यांवर काढत होते. मला ते बघून किळस आली, आणि त्यांच्यात मीही होते.

कोस्तिनेल तिथं नव्हता. पहाटेच्या बसनं तिनं त्याला शहरात आईच्या बहिणीकडे पाठवून दिलं होतं.

सोमवारी जिल्ह्याहून साहेब आले तेव्हा ज्योर्जेता म्हणाली, "अहो, तो मेलाय म्हणून बोलले मी! जिवंत आहे माहीत असतं तर कशाला बोलले असते?" इलियेला काही आठवेना. पण स्पिरिदोननं टोपी काढून टेबलावर ठेवली, निकोदिमचीच टोपी, आणि म्हणाला, "मी स्वतः ऐकलं साहेब. सगळ्यांचं. नावं सांगतो." त्याला पोरीची दया आली की वर्षापूर्वीचं आपलं दुर्लक्ष बाहेर येईल ही भीती वाटली, हे तोच जाणे. माझी पाळी आली तेव्हा दात नसल्यामुळे बोलणं बोबडं झालं होतं. लिहिणाऱ्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. पुढे खटला चालला आणि निकोदिमला सतरा वर्षांची शिक्षा झाली.

साहेब येऊन गेले त्याच आठवड्यात मी कोंबडीचं सूप डब्यात घालून हॉस्पिटलात गेले. ओतिलियाचे दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, पुढे धरलेले. मी तिच्या उजव्या बाजूला बसले.

"सांगितलंत?" तिनं विचारलं.

"सांगितलं. सगळं."

"बरं."

मी म्हटलं, "असं का केलंस गं? मारून टाकलं असतं त्यानं."

"हवालदारकाकांना साक्षीदार हवे होते. मोठी माणसं." ती छताकडे बघत होती. "आपल्या गावात माणूस मेल्याशिवाय त्याच्याबद्दल कुणी खरं बोलत नाही. मी वाट पाहिली, मावशी. तो मरतच नव्हता."

मला रडू आलं. ते पाहून ती चिडली. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "रडू नका. तेव्हा दारात मी उभी होते, तुम्ही मला पाहिलंत. मला वाटलं आता ही बाई बाहेर जाईल आणि ओरडेल. मी तेरा वर्षांची होते. मी टॉवेल घेऊन वाट बघत राहिले. तुम्ही आईच्या गळ्याचं बटण लावलंत."

चूक झाली म्हणावं तर तो शब्द फारच लहान. मी डबा खाटेशेजारी ठेवला आणि जायला उठले.

"सूप ठेवून जाऊ नका," ती म्हणाली. "मला उचलता येत नाही."

तिला माझ्या हातचं नको होतं. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि तिला भूक लागली होती. मी परत बसले, डबा उघडला, चमचा भरला, फुंकर घातली. तिनं माझ्याकडे न बघता तोंड उघडलं.